साहेबांची छाती ठणठणीत

जामदारांच्या घरातली बाई कधी डॉक्टरकडे गेली नव्हती. दुखणं बाईचं, पण ते घेऊन जाणार पुरुष, डॉक्टरपुढे बसणार पुरुष आणि बाटली-पुडी घेऊन परत येणार तेही पुरुषच. बाईनं फक्त कण्हायचं, आणि तेही आतल्या खोलीत, हळू. होळकरशाहीत पणजोबांच्या कमरेला जामदारखान्याच्या, म्हणजे राजवाड्यातल्या शालू-शेल्यांच्या कोठाराच्या, किल्ल्या होत्या, तेव्हापासूनची ही रीत. पुढे राज्य विलीन झालं, मध्यभारत आला, कोठाराला सरकारी सील लागलं. रीतीला सील लावायचं मात्र सरकार विसरलं.

त्या घरात शालिनीबाई सून म्हणून आल्या गौतमपुऱ्याहून. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावचे लोक समोरासमोर उभे राहून एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली रानफळं, फेकतात आणि वर त्याला सण म्हणतात, त्या गावची मुलगी. तोंड मुळातच तिखट. सासरी आल्यावर त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या, सासू-सासरे गेले तरी ते काढायचं राहून गेलं. आता पन्नाशीला टेकल्या होत्या. घरात त्या, नवरा दिनानाथराव आणि नवऱ्याची थोरली विधवा बहीण इंदिराआक्का, एवढीच माणसं. मुलगा नोकरीला नागपूरला होता.

तर एका उन्हाळ्यात शालिनीबाईंच्या उजव्या स्तनाच्या बोंडाला खाज सुटली. आपण काही जामदार नाही, तेव्हा जागेचं नाव सरळ घ्यायला हरकत नाही. आधी वाटलं, घामोळं असेल. मग ते लाल झालं, त्यावर खपली धरली, खपली पडली की खाली ओलं. चोळीला डाग पडायला लागले तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

“कुठे म्हणतेस?” दिनानाथरावांनी विचारलं.

“इथे.” त्यांनी पदरावरून बोट ठेवलं.

दिनानाथरावांनी चटकन खिडकीकडे मान वळवली. “बरं बरं. बिलकुल चिंता करू नकोस. मी बघतो.”

बघितलं त्यांनी खिडकीबाहेर, ते सोडा.

दिनानाथराव मध्यभारत सरकारच्या सचिवालयात बडे बाबू होते. हे सरकारही मोठं हौशी. हिवाळ्यात ते ग्वाल्हेरला असे, उन्हाळ्यात इंदूरला. फायली, टेबलं, बाबू, सगळं रेल्वेत घालून इकडून तिकडे. दिनानाथरावांची अर्धी अक्कल या प्रवासात गहाळ झाली असं शालिनीबाईंचं मनातल्या मनात मत होतं. उरलेल्या अर्ध्या अकलेनं ते एकच गोष्ट शिकले होते: कागद वरून परत आला आणि त्यावर कुणी हरकत घेतली नसेल, तर कागद पास. आधी होळकरांकडे आणि मग इथे मिळून तीस वर्षं त्यांनी अशीच काढली आणि त्यांचं कधी अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते राजवाड्यामागच्या चिंतामण डॉक्टरांकडे गेले. चिंतामण डॉक्टर घराण्याचे जुने डॉक्टर, अदबशीर माणूस. तिथे काय झालं ते दिनानाथरावांनी घरी येऊन मोठ्या खुशीत सांगितलं.

“मी म्हटलं, आमच्या घरात जरा खाज आहे. ते म्हणाले, कुठे? आता काय सांगायचं? मी आपला असा हात ठेवला.” आणि त्यांनी स्वतःच्या बंद गळ्याच्या कोटावर, पहिल्या आणि दुसऱ्या बटणाच्या मधे, दोन बोटं टेकवली. “डॉक्टर म्हणाले, कोट काढा. काढला. नळी लावून पाहिली, ठोकून पाहिली. म्हणाले, साहेब, छाती एकदम ठणठणीत आहे!”

“तुमची?”

“मग काय! या वयात. म्हणाले, वाळवंटात घोडा दौडवा.”

“अहो, पण दुखणं माझं आहे.”

“ते सांगितलं ना मी. म्हणाले, इसब दिसतो. हे मलम.”

दिसतो! न पाहता दिसतो. धन्य ते डॉक्टर आणि धन्य तो कोट काढणारा. शालिनीबाईंनी मलम घेतलं आणि लावलं. दुसरं काय करणार? मलमानं चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी पुन्हा खपली. मग गंधकाचं मलम आलं. मग निळं पाणी आलं. मग आक्कांनी हळद-तुपाचा लेप दिला, त्यानं खाज थांबली नाही पण सगळ्या चोळ्या पिवळ्या झाल्या. दर वेळी दिनानाथराव डॉक्टरकडे जाऊन कोटावर बोटं टेकवत आणि दर वेळी घरी येऊन सांगत की डॉक्टर म्हणतात, धीर धरा. हिवाळा आला, सरकार ग्वाल्हेरला गेलं, सरकारबरोबर दिनानाथराव गेले. तिथून त्यांचं पत्र आलं की सरकार इंदूरला परत आलं की पुढचं पाहू. म्हणजे शालिनीबाईंचं बोंडसुद्धा आता सचिवालयाच्या वेळापत्रकावर होतं!

सरकार परत आलं. तोवर बोंड आत ओढल्यासारखं, बसकं झालं होतं आणि चोळीवर पिवळ्या डागाशेजारी लाल डाग पडला होता. तो रक्ताचा डाग धुताना शालिनीबाईंचे हात थांबले. त्यांना भीती वाटली. साधी, सरळ भीती. आपल्याला काहीतरी वाईट झालंय आणि ते या घरात कुणीही, कधीही बघणार नाही, हे त्यांना मोरीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

“आक्का, मी खजराण्याच्या गणपतीला जाऊन येते,” त्या म्हणाल्या.

“आज? आज चतुर्थी नाही.”

“गर्दी नसते म्हणून.”

टांगा खजराण्याकडे निघाला आणि पहिल्याच वळणावर बायकांच्या दवाखान्याकडे फिरला. गणपतीनं माफ केलं असेल, त्याला काय, रोज कितीतरी लोक त्याचं नाव सांगून भलतीकडे जातात.

दवाखान्यात डॉक्टर प्रेमलता होत्या. महूच्या, छावणीत वाढलेल्या. आवाज सुभेदारासारखा आणि हात मऊ. त्यांनी शालिनीबाईंना पडद्यामागे बसवलं, चोळी काढायला सांगितली आणि पाहिलं. इतकंच. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी ती जागा पाहिली. शालिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाजेचं असेल असं डॉक्टरीणबाईंना वाटलं, पण ते लाजेचं नव्हतं.

“एकीकडेच आहे की दोन्हीकडे?”

“एकीकडेच.”

“सुरुवात टोकापासून झाली की भोवतीच्या काळ्या भागापासून?”

“टोकापासून. मग भोवती पसरलं.”

“मलमानं बरं होऊन परत येतं?”

“हो. पक्कं परत येतं.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, काखेत बोटं घातली. मग विचारलं, “आधी कुणी पाहिलं होतं हे?”

“पाहिलं नाही कुणी.”

“देखो बाई, वर्षभर मलमं लावली म्हणता. मग औषध कशाचं दिलं?”

“यांच्या छातीचं,” शालिनीबाई म्हणाल्या आणि सगळी हकिगत सांगून मोकळ्या झाल्या. कोट, बटण, नळी, घोडा, सगळं.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. खूप हसल्या. मग स्टूल ओढून समोर बसल्या, तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“मी लपवाछपवी करत नाही. इसब बहुतेक वेळा दोन्हीकडे होतो, आणि आधी भोवती होतो, टोकाला नंतर. हे एकीकडेच आहे, टोकापासून सुरू झालंय आणि बोंड आत गेलंय. कॅन्सरची एक जात आहे, दुर्मीळ. पॅजेट म्हणतात. दुधाच्या नळ्यांतून वर येतो आणि कातडीत इसबाचं सोंग घेऊन बसतो. गाठ लागेलच असं नाही, म्हणून भले भले फसतात. पण नुसतं डोळ्यांनी पाहून मी छातीठोक सांगणार नाही. बारीक तुकडा काढून दुर्बिणीखाली पाहायला हवा. कातडीत मोठ्या मोठ्या फिकट पेशी घुसलेल्या दिसल्या, की मग शंका नाही.”

“आणि दिसल्या तर मी मरणार?”

“लवकर काढलं तर बहुतेक नाही. अजून वर्षभर लेप लावत बसलात तर मी काही बोलत नाही. तुकडा सांगेल ते खरं.”

घरी आल्यावर शालिनीबाईंनी सगळं सांगितलं. दिनानाथराव आधी तांबडे झाले, मग पांढरे. बाई गणपतीला सांगून दवाखान्यात गेली, याचा राग धरावा की कॅन्सरचं नाव ऐकून घाबरावं, हे त्यांना एकदम ठरवता येईना. शेवटी डॉक्टर बाईमाणूस आहे, या एका गोष्टीवर त्यांनी वेळ निभावून नेली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दुपारी तुकडा काढला. चणाडाळीएवढा. सुई टोचून जागा बधिर केली होती, तेव्हा दुखलं थोडंच. डॉक्टरीणबाईंनी तो काचेच्या छोट्या बाटलीत टाकला, बाटलीत फॉर्मलिन होतं, वर बूच घट्ट बसवलं.

“उद्या सण, परवा रविवार. कॉलेजचा तपासणी विभाग बंद. या पाण्यात तुकडा आठवडाभरही टिकतो. सोमवारी शिपायाबरोबर पाठवते,” त्या म्हणाल्या.

“शिपाई?” दिनानाथराव बाकावरून उठले. “आमच्या घरातली... वस्तू... शिपायाच्या हातात? अजिबात नाही. मी स्वतः नेईन.”

“ठीक आहे. फक्त बूच उघडायचं नाही.”

दिनानाथरावांनी घरून आणलेल्या रेशमी खणात बाटली गुंडाळली आणि दोन्ही हातांवर घेऊन टांग्यात बसले. वाटेत ओळखीच्या कुणीतरी विचारलं, “साहेब, काय आणलंत, सराफ्यातून?” साहेबांनी नुसती मान हलवली. शालिनीबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना जखम ठणकत असतानाही हसू आलं, कारण लग्नानंतर या माणसानं त्यांच्या शरीराची इतकी काळजी पहिल्यांदाच घेतली होती.

सोमवारी बाटली गेली आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दिनानाथराव कॉलेजातून परत आले ते जिलेबीचा पुडा घेऊनच. दारातूनच ओरडले, “काही निघालं नाही! आक्का, देवापुढे दिवा लाव!”

शालिनीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “काय लिहिलंय? नीट सांगा.”

“लिहिलंय की तुकडा तपासण्याजोगा नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! तपासण्याजोगं काही असतं तर तपासलं नसतं का त्यांनी? अगं, सरकारी कॉलेज आहे. सरकारला हरकत घ्यायची असली ना, तर ते पहिल्या ओळीत घेतं. तीस वर्षं झाली मला. हरकत नाही, म्हणजे पास!”

“डॉक्टरीणबाईंना दाखवलंत?”

“त्यांना कशाला दिक्कत द्यायची आता?”

शालिनीबाईंना हे पटलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना ते पटवून घ्यायचं होतं. ज्याला मरणाची भीती वाटते तो मूर्खावरही विश्वास ठेवतो, आणि जिलेबी गरम होती. त्यांनी जिलेबी खाल्ली, देवाला हात जोडले, आक्कांच्या गळ्यात पडून रडल्यासुद्धा. सकाळी उठून पाहिलं तर चोळीवर पुन्हा डाग. तुकडा पास झाला होता, बोंडाला कुणी कळवलं नव्हतं.

दिनानाथरावांनी सत्यनारायण घातला. आप्तेष्ट आले, कचेरीतले बाबू आले, चिंतामण डॉक्टरही अत्तर लावून आले आणि मानाच्या पाटावर बसले. “मी म्हणतच होतो, इसब आहे,” असं ते प्रत्येकाला सांगत होते. शालिनीबाई तीर्थाची भांडी काढायला देवघरात गेल्या. तिथे कोनाड्यात काशीहून आणलेला गंगाजलाचा तांब्याचा लोटा असे. तोंडाला लाख लावून बंद केलेला. घरात कुणाचा शेवटचा घोट असेल तेव्हाच तो उघडायचा, सासूबाईंसाठी उघडला होता आणि मग नवा आणून ठेवला होता. आज त्याची लाख फुटलेली होती. शालिनीबाईंनी लोटा उचलला. चांगला हलका लागला.

“आक्का, हा कुणी उघडला? कोण गेलं आपल्याकडचं?”

आक्का दूर्वा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं ते अगदी प्रसन्न चेहऱ्यानं. “अगं, तुझ्यासाठीच उघडला! तुला सांगायचंच राहिलं. त्या बाटलीत काय पाणी होतं माहीत आहे? मी बूच काढून वास घेतला, डोळ्यांतून धारा लागल्या. दिनू म्हणाला, कॉलेजात मढी ठेवतात ना, ती याच पाण्यात ठेवतात. मी म्हटलं, अरे, जित्या सवाष्णीच्या देहाचा तुकडा आणि मढ्याच्या पाण्यात? अपशकुन कुठला! तेही अक्षय्य तृतीयेला! मग ते पाणी मोरीत ओतलं, बाटली चिंचेनं घासली, आणि दिनूनं स्वतः गंगाजल भरलं. दोन दिवस देवाशेजारी ठेवली होती. फुलंही वाहिली रोज.”

शालिनीबाई लोटा मांडीवर घेऊन खाली बसल्या. वैशाखातलं ऊन, बंद देवघर, आणि बाटलीत पाण्यात पडलेला मांसाचा तुकडा. घरात कधी मटण शिजलं नसलं तरी एवढं कळायला काही शास्त्र लागत नव्हतं.

“तुकडा तपासण्याजोगा नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय झालं?”

“नासला, आक्का. तो नासला.”

“वेडी की काय? गंगाजल कधी नासत नाही.”

“गंगाजल नाही नासलं हो. मी नासले.”

आक्कांच्या हातातल्या दूर्वा तिथेच राहिल्या. बाहेर कथेचा तिसरा अध्याय चालू होता. शालिनीबाई लोटा घेऊन उठल्या आणि सरळ बैठकीत, भर पुरुषांत, जाऊन उभ्या राहिल्या. कुलूप गंजलेलंच होतं, आता कडीसकट निघालं.

“थांबवा ती कथा,” त्या म्हणाल्या.

गुरुजी थांबले. दिनानाथराव सोवळ्यात होते, त्यांनी डोळ्यांनी खूण केली की आत जा.

“आत नाही जात. या माणसांना कळू दे कशाचा प्रसाद खातायत ते. माझ्या स्तनाला रोग झाला आहे. बहुतेक कॅन्सर आहे. त्याचा तुकडा डॉक्टरीणबाईंनी औषधात घालून दिला होता. तो यांनी गंगाजलात घालून कुजवला, आणि कुजला म्हणून तपासता आला नाही, तर हे म्हणाले पास झाला.”

गुरुजींनी पोथी मिटली. तो एक शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही. चिंतामण डॉक्टर पाटावरून हळूच उठू लागले.

“बसा, डॉक्टर,” शालिनीबाई म्हणाल्या. “तुमचा काही दोष नाही. तुम्ही जे पाहिलंत ते ठणठणीतच होतं.”

“अगं, लोक काय म्हणतील!” दिनानाथरावांच्या तोंडून कसंबसं निघालं.

“म्हणू देत काय म्हणायचं ते. मला जगायचंय! मला मरायचं नाही तुमच्या अब्रूपायी!”

हे त्या ओरडून म्हणाल्या आणि आवाज फाटला. मग चपला घालून बाहेर पडल्या. टांगेवाल्यानं लगाम उचलला तेव्हा मागून कुणीतरी धापा टाकत आलं. आक्का होत्या. सोवळ्यातल्याच, पदर डोक्यावर, पायात काही नाही. आयुष्यात घरच्या पुरुषावाचून त्या टांग्यात चढल्या नव्हत्या.

“सरक जरा,” त्या म्हणाल्या आणि चढल्या. वाटभर रडत होत्या. “मी मारलं असतं गं तुला. फुलं वाहून मारलं असतं.”

शालिनीबाईंनी त्यांना उगी उगी म्हटलं नाही. त्यांना खूप राग आला होता आणि तो लगेच जावा असं त्यांना वाटत नव्हतं. पण त्यांनी आक्कांचा हात सोडलाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा तुकडा काढला. या खेपेला बाटली आक्कांनी मागून घेतली आणि थेट कॉलेजात नेली. बुचाला नाक लावून दोनदा खात्री केली की पाणी तेच आहे ना, मढ्याचं. डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा समाधान पावल्या. विभागात टेबलावरचा माणूस म्हणाला, “ठेवा इथे, भिया बघतील.” इंदुरात भय्याचा भिया होतो, इथला भिया म्हणजे तपासनीस. आक्का म्हणाल्या, “भियाला बोलवा. त्यांच्या हातात देईन.” आणि भिया येईपर्यंत मांडीवर बाटली घेऊन बसून राहिल्या.

फिकट, मोठ्या पेशी सापडल्या. पॅजेटच होता.

डॉक्टरीणबाईंनी शालिनीबाईंना समोर बसवून सांगितलं आणि मोठ्या सर्जनकडे शस्त्रक्रिया ठरवली. उजवा स्तन पूर्ण काढायचा, काखेतल्या लसिका ग्रंथींच्या गाठीही काढायच्या. शालिनीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी हिरव्या बांगड्या काढून आक्कांकडे दिल्या आणि म्हणाल्या, “परत मागेन. सांभाळून ठेवा.”

आता दिनानाथराव घाबरले, रडले, पाया पडायचे तेवढे बाकी राहिले, हे खरं. पण माणसाचा पीळ इतक्यात जात नाही. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ‘दुर्मीळ’ हा शब्द त्यांनी ऐकला होता, तो त्यांच्या कानात घोळत राहिला. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात भेटीला माणसं यायला लागली तशी खाटेच्या पायथ्याशी त्यांचं सुरू झालं.

“साधा नाही बरं का. साध्या गाठी काय, कुणालाही होतात. हा पॅजेट. शेकड्यात एखाददुसरा. कॉलेजचे प्राध्यापक स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, जामदारसाहेब, असा नमुना आम्ही पुस्तकात पाहिला होता.”

शालिनीबाई उशीवर डोकं टेकून ऐकत होत्या. उजवा हात उचलत नव्हता, नाहीतर उशी त्यांनी कुठे फेकली असती ते सांगायला नको. राजाच्या शेल्यांचा अभिमान गेला, आता बायकोच्या कॅन्सरचा चालू झाला होता. काही नाही तर निदान दुखणं तरी खानदानी!

काखेतल्या गाठींचा निकाल यायचा होता. तेवढ्याकडे शालिनीबाईंचे प्राण लागले होते, कारण रोग तिथे पोचला असेल तर पुढचं सगळं वेगळं. त्याही बाटलीबरोबर आक्काच गेल्या होत्या. एका सकाळी डॉक्टर प्रेमलता खोलीत आल्या. आत दिनानाथराव आणि आक्का होते.

“गाठी स्वच्छ आहेत,” डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. “पसरलं नाही. ऐकलंत ना, शालिनीबाई? पसरलं नाही.”

शालिनीबाईंनी डावा हात आक्कांपुढे केला. आक्कांनी पदराची गाठ सोडली, हिरव्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून त्यांच्या हातात चढवल्या. दोघींनाही नीट दिसत नव्हतं, बांगडी दोनदा अडकली.

दिनानाथराव खाकरले. पिशवीतून त्यांनी तांब्याचा डबा काढला आणि तोच रेशमी खण. “डॉक्टरीणबाई, एक अर्ज होता. जे काढलंत ते... आमच्या स्वाधीन केलं तर बरं होईल. सवाष्णीच्या देहाचा भाग. ओंकारेश्वरला नर्मदेत विधिपूर्वक...”

“ते फॉर्मलिनच्या बरणीत आहे. प्राध्यापकांना ते कॉलेजच्या संग्रहात ठेवायचंय, विद्यार्थ्यांना शिकवायला. कुणाच्याही लवकर लक्षात येत नाही ना हा आजार. पण परवानगी मी यांच्याकडे मागायला आले होते.” आणि त्यांनी शालिनीबाईंकडे पाहिलं.

“संग्रहात? काचेच्या बरणीत?” दिनानाथरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अब्रू एकीकडे ओढत होती, दुर्मीळपणा दुसरीकडे. “उघड्यावर? कॉलेजची पोरं बघणार? ...आणि मग बरणीवर नाव कसं घालतात? म्हणजे घराण्याचं, नुसतं ‘जामदार’ की...”

“नाव घालायचं नाही,” शालिनीबाई म्हणाल्या. “बरणी ठेवा, डॉक्टरीणबाई. पोरांना बघू देत. नीट बघू देत, जवळून.”

“अगं, पण परकी पोरं...”

“घरच्यांनी वर्षभर बघितलं नाही म्हणून तर छाती बरणीत गेली.”

दिनानाथरावांनी सवयीनं खिडकीकडे मान वळवली. शालिनीबाईंनी त्यांना तसंच थोडा वेळ बघू दिलं.

“आणि हे बघा,” त्या म्हणाल्या, “उद्या मला घरी सोडतायत. जखमेची पट्टी रोज बदलायची आहे, माझा हात पोचत नाही आणि आक्कांना बारीक दिसत नाही. ती तुम्ही बदलायची. आज डॉक्टरीणबाई शिकवणार आहेत.”

“मी?” त्यांच्या हातातून तांब्याचा डबा निसटला आणि खणखणत खाटेखाली गेला. “मला... म्हणजे ते मला बघावं लागेल?”

“हो.”

दिनानाथरावांनी आक्कांकडे पाहिलं, आक्का शालिनीबाईंच्या हातातल्या बांगड्या पुसत होत्या. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, तर त्यांनी कापसाचा डबा उघडून पडदा ओढायला घेतला होता.

“या, साहेब. आधी कोट काढा आणि हात धुऊन या,” त्या म्हणाल्या. “साबणानं. गंगाजलानं नव्हे.”